बालवाडीतला ड्रायव्हर

(दुपार. आतल्या खोलीत ती खाटेवर, डावा पाय प्लास्टरमध्ये. तो नुकताच बाहेरून आलाय.)

ती: म्हणजे तुम्ही बालवाडीतून निघून थेट फाटकापर्यंत गेलात? पिशवी घेऊन?

तो: गेलो की. कडीसुद्धा काढली होती.

ती: आणि मी इथे पडल्या पडल्या म्हणतेय, यांचं आज प्रात्यक्षिक, बरं चाललं असेल. आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा, मधलं गाळू नका.

तो: पहिल्यापासून म्हणजे, नऊला पोचलो. आम्ही बावीस जणी...

ती: बावीस जणी.

तो: एकवीस जणी आणि मी. दहा दिवस तेच कानावर पडतंय, जिभेला वळण लागलं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे शिकवणाऱ्या, रोज वर्गात आल्या की म्हणतात, चला गं मुलींनो. मग मला बघून म्हणतात, आणि काका. तर आज छोटे छोटे गट करून आम्हाला बालवाडीत पाठवलं. तीन तास मुलांबरोबर राहायचं आणि बाई कोपऱ्यात बसून वहीत लिहिणार. पलीकडच्या वहिनी माझ्याच गटात आल्या, ते एक बरं झालं.

ती: वहिनींची मला काळजी नव्हतीच, मुलं सांभाळायला माझ्या मदतीला त्याच असतात. मी एकोणीस वर्षं इथे घरी पाळणाघर चालवलं, कुणी कागद मागितला नाही. आणि मी घसरून पडले त्याच आठवड्यात वस्तीतल्या पालकांच्या गटाचं ठरलं, प्रशिक्षण घेतलेलं माणूस घरात नसेल तर मुलं ठेवायची नाहीत.

तो: त्यांचं चुकलं नाही गं.

ती: चुकलं कोण म्हणतंय? मी तुम्हाला नुसतं बसायला आणि लिहून आणायला पाठवलं होतं. वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील.

तो: पहिल्या दिवशी कंटाळलोच होतो. बालवाडी बघायला नेलं, तिथली मुलं दारात गोळा झाली तर मी बसमधल्यासारखं म्हणालो, पुढे सरका, पुढे सरका. सगळ्या जणी पोट धरून हसल्या. बाईंनी मला सांगितलं, काका, आवाज निम्मा करा आणि गुडघ्यावर बसून बोला. गुडघे दोन दिवस बोंबलत होते, मग गप्प झाले.

ती: बरं, फाटकाचं सांगा.

तो: एक आई आली. अडीच वर्षांची पोरगी कडेवर. मी दाराशी खाली बसून ठोकळे मांडत होतो. तिने मला पाहिलं आणि पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाईंना म्हणाली, हे इथे असणार असतील तर मी हिला ठेवत नाही.

ती: तुमच्या तोंडावर?

तो: हळू म्हणाली, पण ऐकू आलं. बत्तीस वर्षं बस चालवली मी. पावसापाण्यात शाळेच्या पोरींना थांबा नसताना त्यांच्या कोपऱ्यावर उतरवलंय. कुणी कधी बोट दाखवलं नाही. कानशिलं तापली माझी. पिशवी उचलली आणि निघालो.

ती: मी असते तर तिला चांगलं सुनावलं असतं.

तो: मलाही तसंच वाटत होतं. बाई मागून आल्या. म्हटलं आता समजूत काढणार, काका, मनावर घेऊ नका म्हणणार. तसलं काही नाही. म्हणाल्या, तिने विचारलं ते बरोबरच विचारलं, तिने मलाही विचारावं. आणि मग म्हणाल्या, तुमची मुलगी एवढी असताना तिला परक्या माणसापाशी ठेवायची वेळ आली असती, तर तुम्ही काय काय विचारलं असतं?

ती: मग? काय सांगितलंत?

तो: जे होतं तेच. आपल्या लेकीला कुठे ठेवायचं, कुणापाशी, हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ते सगळं तू बघायचीस.

ती: हं. पुढे?

तो: पुढे काय, कडी परत लावली आणि आत आलो. बाईंनी त्या आईला नीट सांगितलं. इथे मुलापाशी कुणीच एकटं नसतं, दोघं असतात. कपडे बदलायच्या कोपऱ्याला दार नाही, कमरेएवढा आडोसा आहे, तुम्हीच बघून या. आणि हवा तेवढा वेळ इथे बसा. ती खरंच सगळं बघून आली. मग बसली, मुलांच्या त्या चिमुकल्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून. तासभर माझ्यावरची नजर हलवली नाही तिने. परीक्षा बाई घेत होत्या का ती, मला कळेना.

ती: तुम्ही गडबडला असाल.

तो: गडबडलो नाही, कारण तेवढ्यात एकाचं रडं सुरू झालं. वडील त्याला पोचवून गेले म्हणून खिडकीला नाक लावून उभा. पूर्वी मी म्हटलं असतं, रडतोस काय, मोठा झालास ना. आता तसं म्हणायचं नाही. त्याच्यापासून हातभर लांब बसलो आणि खरं ते सांगितलं. बाबा कामावर गेले. तुला ते इथे हवे होते.

ती: तेवढ्याने थांबलं का?

तो: छे. चांगलं वीस मिनिटं रडला. पण रडता रडता सरकत सरकत माझ्या गुडघ्याला टेकला.

ती: मी तेच करत आले की एवढी वर्षं. मला कुठे कुणी शिकवलं होतं.

तो: मी वर्गात तेच सांगत असतो. बाईंनी काही नवीन सांगितलं की मी हात वर करतो, आमची ही असंच करते. शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुमच्या मंडळींनाच बोलावते शिकवायला.

ती: काहीतरीच तुमचं.

तो: विचार वहिनींना. प्लास्टर निघालं की बाई घरी येणार आहेत तुला भेटायला.

ती: मग त्याआधी हा पसारा आवरा. आणि त्या आईचं काय झालं, ते अर्धवट ठेवू नका.

तो: तिच्या पोरीच्या बुटाचा पट्टा सुटला. मला वाटलं, जाईल आईकडे. पण मी खाली बसलेलो, जवळचा. आली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी हात लावला नाही. आईकडे पाहिलं.

ती: आणि?

तो: तिने आधी बाईंकडे पाहिलं. मग मान हलवली. मी पट्टा लावला, पोरगी पळाली. जरा वेळाने आई उठली, कामाला उशीर होत असणार. माझ्यापाशी आली. माफीबिफी काही नाही, मला नकोही होती. म्हणाली, 'हिला साडेअकराला झोप येते. झोपताना कुणाचा तरी कान धरते. धरू द्या.'

ती: असं म्हणाली ती?

तो: एवढंच म्हणाली आणि गेली.

ती: मग धरला का?

तो: आधी वहिनींचा धरला. त्यांचं कानातलं टोचलं असेल, सोडला. मग माझा. अर्धा तास वाकून बसलो होतो, मान अजून वळत नाही.

ती: बाम फळीवर आहे. पास झालात का पण?

तो: झालो. बाई म्हणाल्या, आवाज अजून थोडा मोठाच आहे.

ती: ते त्यांनी मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आता सोमवारचं काय? सात मुलांपैकी दोघांच्या घरून निरोप आलाय, ताई उभ्या राहिल्या की मगच पाठवू. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

तो: त्यांनाही सांगू, येऊन बसा. वहिनी आणि मी, कायम दोघं. आणि कपडे बदलायला तू मागची खोली वापरायचीस, ते आता नको. जुन्या टेबलाची फळी पडून आहे, तिचा पुढच्याच खोलीत आडोसा करतो. उद्या.

ती: आणि माझी खाट दाराशी सरकवा. मलाही बघायचंय.

तो: तीही सरकवतो. एक विचारू?

ती: विचारा की.

तो: आपली लेक काय धरायची? झोपताना. येताना सबंध रस्ताभर आठवत होतो. काही म्हणता काही आठवेना.

ती: आठवेल कसं? तुमची पहाटेची पाळी, नाहीतर रात्रीची.

तो: म्हणून तर विचारतोय.

ती: तुमचा शर्ट. ड्युटीचा. बाही गालाखाली घ्यायची आणि मग डोळे मिटायची.

तो: पण माझे तर दोनच होते.

ती: हो.

तो: आणि त्यातला एक सदा ओला. तू म्हणायचीस, वाळला नाही. कित्येकदा कालचाच चढवून गेलोय मी. डेपोत बोलणी खाल्लीत त्यावरून.

ती: वाळलेला असायचा हो. पण ती त्यावर झोपलेली असायची.