नावाशिवाय काठी उठत नाही

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. पेटीवाले बुवा, तुम्हीही हात मोकळे करा. आता ऐकायचं! पण गोष्टीच्या आधी एक सवाल टाकतो.

लंगडा, आंधळा, बहिरा, मुका... या शब्दांनी माणसाला हाक मारायची नाही, असा नियम करावा की करू नये? बोला! हे पुढचे काका मान हलवतायत, करावा म्हणून. आणि मागं खांबाला टेकलेले? ते म्हणतायत, "शब्दानं काय होतंय महाराज? आम्ही प्रेमानं म्हणतो!" प्रेमानं! बरं बरं. तुमच्या प्रेमाचं शेवटी बघू. आधी कुसूरवाडीला चला.

कुसूरवाडी म्हणजे डोंगराच्या पोटातलं गाव. गावाचा देव भैरोबा, आणि भैरोबाची जत्रा म्हणजे काठीची जत्रा. काठी म्हणजे हातातली नव्हे हो! चांगला उंचच्या उंच बांबू, त्याला निशाण, टोकाला मोरपिसांचा तुरा. ती उभी करून मिरवायची, आणि तोल जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी दोर ताणून धरायचे. एकेका दोराचा मान एकेका घराकडं. देवळाच्या पायरीवरून गुरव नाव पुकारणार, सारं गाव ते नाव गरजणार, मानकरी म्हणणार "हाय की!" — आणि मग दोराला हात. नाव पुकारल्याशिवाय काठी उठत नाही. रीत म्हणजे रीत!

त्यातला मागचा दोर खिलाऱ्यांचा. म्हातारे खिलारे जन्मभर तो धरत आले, आणि त्या साली वारले. मान आला त्यांच्या पोराकडं. पोरगा कसला, चाळिशी उलटलेला बाप्या! लहानपणी तापात एक पाय गेलेला. पण दंड असे, की यानं दावं धरलं, तर ओढणाऱ्या बैलालाच विचार पडावा. आणि त्याला गावात म्हणत काय? तुम्ही ओळखलंत. "लंगडा!" लंगड्या, इकडं ये. लंगड्या, तंबाखू दे. लंगड्याची बायको, लंगड्याची म्हैस. म्हैस चांगली धडधाकट चार पायांची, तरी ती लंगड्याची!

हा माणूस वर्षभर एकाच गोष्टीची वाट बघत होता. बायकोला, शेवंताला म्हणायचा, "बाच्या नावाचा पुकारा ऐकलाय ग मी. आवंदा माझ्या नावाचा हुईल. आख्खं गाव वरडंल!" एकदा, मंडळी, जन्मात एकदा आपलं नाव गावाच्या तोंडून ऐकावं, एवढीच त्याची हौस होती.

आता काय झालं — गावाला सरपंच मिळाल्या कलावतीबाई! बाई उत्साही. नुसत्या उत्साही नव्हेत, त्यांच्या उत्साहाला ब्रेकच नाही. तालुक्याला कसल्याशा शिबिराला गेल्या, आणि आल्या त्या पेटूनच. ग्रामसभा भरवली. "आजपासून लंगडा, आंधळा, बहिरा बंद! दिव्यांग म्हणायचं!"

ठराव चांगला की वाईट? चांगला! मी म्हणतो, सोन्यासारखा ठराव. पण पुढं ऐका. कुणीतरी विचारलं, "आन चुकून त्वांडातनं गेलं तर?" बाई विचारात पडल्या. शिक्षा तर पाहिजे. तेवढ्यात मागनं एकजण ओरडला, "लंगडा म्हनंल त्यानं लंगडी घालत देवळाला फेरी मारायची!"

आणि मंडळी... ठराव पास! टाळ्या!!

अहो, हसताय काय! विचार करा की जरा. ज्याला हिणवू नका म्हणून नियम केला, त्याच्याच चालण्याची शिक्षा केली. आणि साऱ्या सभेत एकाच्याही ध्यानात आलं नाही. सरपंचबाईंच्याही नाही!

दुसऱ्या दिवसापासून कुसूरवाडीत काय धमाल! सकाळी नाना शेटे दुकान उघडता उघडता बोलून गेले, "लंगड्याला साखर बांध रे." झालं! धोतर सावरत, पोट सांभाळत शेट निघाले टुणुक टुणुक! मागं पोरांची फौज. पोरांना खेळच सापडला. मुद्दाम देवळासमोर जायचं, "लंगडा!" म्हणून ओरडायचं आणि उड्या मारत सुटायचं. आधी गावात तो शब्द दिवसातून चारदा निघत असेल, आता उठल्यासुटल्या तोच! म्हाताऱ्या लंगडी घालतायत, जावई लंगडी घालतायत, एकदा तर मल्हारी गुरव पूजेचं ताम्हन घेऊन लंगडी घालत होता आणि देव आतून बघत होता.

आणि तो नवा शब्द? त्याचं काय केलं गावानं? "ए दिव्यांग, सरक की तिकडं! वाटंत बसतंय!" शब्द कोरा करकरीत, आणि तोंड तेच.

आता, देवळासमोरच्या पारावर बसायचा कोण? तोच आपला मानकरी. सारं गाव त्याच्यासमोरून उड्या मारत जायचं आणि त्याच्याकडं बघून हसायचं. पहिल्या दिवशी तोही हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही. आणि एक दिवस खुद्द कलावतीबाईंच्या तोंडून शब्द गेला. बाई प्रामाणिक! पदर खोचला आणि निघाल्या. पारासमोर आल्या, तसा तो म्हणाला, "बाई, जरा थांबा. एक इचारू? माझं चालनं तुमची शिक्षा झाली व्हय?"

बाईंचा एक पाय वरच राहिला, मंडळी. खाली टेकायचं भान राहिलं नाही. वाईट वाटलं त्यांना, खूप वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "चुकलं माझं..." आणि पुढं त्याचं नाव घ्यायला गेल्या. पण नाव आठवेना! जुना शब्द आपणच बंद केलेला, नवा म्हणायची लाज वाटते, आणि तिसरं काही जिभेवर येईना. बाई तशाच घरी गेल्या.

जत्रेचा दिवस उजाडला. हलगी कडाडतेय, गुलाल उडतोय, काठी आडवी ठेवलीय, तुरा नाचतोय वाऱ्यावर. मल्हारी गुरव पायरीवर चढला. पहिला दोर पुकारला, गाव गरजलं. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला गुरवानं छाती फुगवली, "मागच्या दोराचे मानकरी, खिलाऱ्यांच्या घरचे श्रीयुत..."

थांबला.

"श्रीयुत..." शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "नाव काय रे?" शेजारच्यानं पलीकडच्याला विचारलं. पलीकडच्यानं शेट्यांना. शेटे म्हणाले, "मी तर उधारीच्या वहीत पन लंगडा..." आणि सवयीनं एक पाय वर घेतला! हलगी थांबली. एवढं मोठं गाव, आणि एकाला नाव माहीत नाही!

तुम्ही म्हणाल, महाराज, असं कुठं असतं होय? लग्नाला गेले असतील ना त्याच्या? गेले होते की! मंगलाष्टका चालू असताना सारं गाव पंगतीत पाट धरून बसलं होतं. नाव कोण ऐकतंय!

आणि तो? तो दोराजवळ उभा. नवा फेटा, नवा सदरा, शेवंतानं काजळाची तीट लावलेली. कान पायरीकडं. गुरव काकुळतीला आला, "अरं बाबा, तूच सांग की!" तो म्हणाला, "मी कसं सांगू? मानकऱ्यानं आपलं नाव आपन पुकारायचं नसतंय." आणि मान खाली घातली. ती मान बघून, मंडळी, कुसूरवाडीचं हसू पहिल्यांदा बंद झालं.

कलावतीबाई धावल्या शेवंताकडं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा!" शेवंता म्हणाली, "मी? मालकांचं नाव? असं कसं घेऊ?" बाई म्हणाल्या, "पाया पडते!" शेवंतानं पदर डोक्यावरून घेतला, पायरी चढली, आणि साऱ्या गावाच्या तोंडावर उखाणा टाकला —

"काठीच्या टोकावर मोरपिसांचा तुरा,
पायच बघितला गावानं, बघितला न्हाई मानूस पुरा,
हैबतरावांचं नाव घेते, आता तरी ध्यानात धरा!"

हैबतराव! अहो, काय नाव! घोड्यावर बसवावं असं नाव, आणि इतकी वर्षं झाकून ठेवलेलं! मल्हारी गुरवानं हात वर केले, "हैबतराव खिलारेऽऽ!" आणि गाव असं गरजलं, असं गरजलं, की डोंगरानं परत पुकारा दिला. हैबतरावाला "हाय की" म्हणायचं होतं. पण हात आधीच दोरावर गेले. त्यानं दोर ताणला. काठी उठली, मंडळी! सरळ, ताठ, आभाळात!

पुढच्या सभेत बाई म्हणाल्या, "बंदी उठवू का?" हैबतराव म्हणाला, "उठवू नका. बंदी पायजेच. शिक्षा तेवढी बदला. ज्याच्या त्वांडातनं शब्द गेला, त्यानं त्या मानसाच्या दारात जायचं, नाव इचारायचं, आन च्या पिऊन यायचं." शेवंता मागनं ओरडली, "आन दूध कोन घालनार? आख्खं गाव यील!" आणि गाव आलं, मंडळी. हळूहळू यायचं थांबलंही, कारण शिक्षेचं कामच उरलं नाही.

झालं का सवालाचं उत्तर? शब्द बंद करा, जरूर करा. पण रिकाम्या झालेल्या जागेवर नाव ठेवा.

आता तुमच्याकडं वळतो! प्रेमवाले मागं टेकलेत ना? ऐका. दुपारी तुमच्या फाट्यावर उतरलो. विचारलं, देऊळ कुठं? उत्तर मिळालं, "बहिऱ्याच्या गिरणीवरनं डावीकडं." गिरणी सापडली. मी आत गेलो, गिरणीवाल्यांनी बसायला दिलं, नाव सांगितलं, गूळ दिला. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत, माझ्याकडं बघून हसतायत. वर्षानुवर्षं त्यांच्या पिठाच्या भाकरी खाताय तुम्ही. सांगा त्यांचं नाव!

...

कुणीच नाही?

मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. हे आरतीचं तबक, हा कापूर. काडी माझ्या हातात आहे, ओढणार नाही. उठा कुणीतरी! त्यांच्या समोर जाऊन उभे राहा, पाठीमागून ओरडू नका, ते ओठ बघून समजतात. नाव विचारा, आणि मग साऱ्यांनी मिळून गरजा. आज पुकारा आधी, आरती नंतर.

हं. कोण उठतंय?