डोक्याची गोळी

किळस येते हो, किळस! वाणगावला मुलगी बघायला गेलो आणि माझा बाप चारचौघांत काय बोलला... थांबा, आधी गोळीचं सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही.

मी कॉलेज सोडलं तेव्हा घरात कुणी रडलं नाही, पण कपाळ वर सरकलं आणि सुतक! आई म्हणते, "भाग्येश, शिक्षण नसलं तर चालतं रे, केस पाहिजेत!" मग इंद्रजीतमामा, ज्याच्या स्वतःच्या टकलावरून माशी घसरेल, तो मनोरच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून पाकीट घेऊन हजर. "डोक्याची गोळी! केस खाणारं हार्मोन असतं ना, त्याला ब्रेक लागतो." डॉक्टरला विचारलं का? "डॉक्टरच टकला आहे!" आणि बाप, सगळी हयात तारापूरच्या केमिकल कंपनीत घालवलेला, काय म्हणतो? "आपल्याच एमआयडीसीत बनली असेल, म्हणजे घरचीच की!" घरचीच! लोणचं आहे का ते?

केस आले हो, खरंच आले. पण डोकं गेलं... आतलं! बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाला विचारतो, "कहाँ जाना है?" आणि मला माझ्याच घराचा पत्ता आठवेना. झोप नाही, हात थरथरतात, आणि वरणभात बघून रडू येतं. वरणभात बघून कुणी रडतं का? बापाला म्हटलं, गोळी बंद करतो, डोक्यात धुकं भरलंय. तर म्हणे, "मोबाईल कमी बघ. लग्नापर्यंत घे, नंतर टकलाला कोण विचारतंय!" पोराचा मेंदू गेला तरी चालेल, भांग दिसला पाहिजे. किळस येते हो!

तर वाणगाव. मुलगी अपेक्षा. आवडली मला, खोटं कशाला बोलू? हसून विचारते, "तुम्ही काम काय करता?" मी पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळतो, वाइंडिंग करतो. साधा शब्द! जिभेवर आला आणि धुक्यात गेला. "मी ते... तार... गोल गोल..." एक हात गरागरा फिरवून दाखवतोय, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी खडखड वाजतेय! तेव्हा माझा बाप, सांभाळून घ्यायला, हसत हसत, "काही नाही हो, त्याला डोक्याची गोळी चालू आहे!"

संपलं! तिची आत्या ताडकन उठली. "म्हंजे पोराचं डोकं ठीक नाय?"

बाप म्हणतो, "नाही नाही, केसांची!"

"एवढं तर रान माजलंय, याला केसांची गोळी कशाला?"

मामा म्हणतो, "अहो, गोळीमुळंच तर आलं!"

"मग येडपणसुद्धा गोळीमुळंच आलं का?"

तुम्हाला सांगतो, सगळ्या बैठकीत तेवढी एकच बाई मुद्द्याचं बोलली, आणि येताना गाडीत हे दोघे तिलाच अडाणी म्हणत होते! अपेक्षाकडून नकार आला. येणारच. किळस येते!

शेवटी मीच पालघरला डॉक्टर गाठला. म्हणे, "काही जणांना असं होतं. या गोळीमुळेच, हे छातीठोक सांगता येणार नाही, पण बंद कर, बघू." बंद केली. मन थाऱ्यावर यावं म्हणून दुसरी लिहून दिली. धुकं जरा विरळ झालंय, केसही.

म्हणजे आता खरोखरच डोक्याची गोळी चालू आहे. आणि बाप? शेजारचा जिवल्या विचारतो, "पोरगा कसली गोळी घेतो?" तर छाती काढून सांगतो, "केसांची!"

जिवल्या माझ्या कपाळाकडे बघतो. "लागू पडत नाय वाटतं?"

मी म्हणतो, "नाय ना..."