नेव्हचं ताट, माझी साखर

...आणि वर मलाच विचारतात, "क्लॅरी, काल कस्टर्ड का नाही खाल्लं?" अरे, नाही खाल्लं म्हणून नाही खाल्लं! माणसानं एक दिवस कस्टर्ड खाल्लं नाही तर काय गाई दूध द्यायच्या थांबतात? पण नाही. आमच्या या म्हाताऱ्यांच्या होममध्ये आता कस्टर्ड नुसतं कस्टर्ड राहिलेलं नाही, तुम्हाला सांगतो. ते स्क्रीनवर जातं. तिथून माझ्या साखरेला भेटतं, मग वजनाला भेटतं, मग रात्री मी किती वेळा उठलो त्याला भेटतं... मला भेटायला वर्षभरात एक माणूस आला नसेल, पण माझ्या कस्टर्डचा गोतावळा बघा!

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ऐकून ठेवा. गावभर काय वाट्टेल ते बोलू देत. चुगली मी केली नाही.

आता हे होम पूर्वी कसं होतं ते सांगतो. स्वयंपाकघराचा कॉम्प्युटर वेगळा, नर्सचा वेगळा, औषधांच्या गाडीचा वेगळा, आणि धोबीखान्याचा तर... असो, माझ्या अंगावरची ही चड्डी कुणाची आहे देव जाणे. कुणाचा कुणाला पत्ता नाही. शेजारच्या खोलीतली एनिड वारली बिचारी, चर्चमध्ये प्रार्थना झाली, नंतर सँडविच झाले, सगळे रडून घरी गेले, आणि स्वयंपाकघरातून रोज सकाळी एनिडचं पॉरिज येतंय! वर मध घालून! का, तर तिला मध आवडायचा, ते त्यांच्या कॉम्प्युटरला माहीत. ती मेली, ते माहीत नाही. आठवडाभर चाललं. हो, मी खाल्लं. असे बघू नका, वाया कशाला घालवायचं?

मग आमच्या मॅनेजर बाई, फिलिपा, एके दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून म्हणाल्या, (त्या लहान मुलांशी बोलल्यासारखं बोलतात, डोकं असं एका बाजूला करून) "डार्लिंग्ज, आता सगळं एका जागी! जेवण, औषध, झोप, वजन, खोकला... सगळं एकमेकांशी बोलणार!" मागून नेव्ह मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे चुगलखोर आणलाय म्हणा की!" सगळा हॉल हसला. फिलिपा पण हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

गंमत नव्हती हो ती. नेव्ह जन्मभर लोकर कातरणारा माणूस. आणि मी त्याच शेडमधला आचारी. पश्चिमेकडचा असा एक शेड नाही जिथे त्यानं मेंढी कातरली नाही आणि मी कालवण करपवलं नाही. शेडचा एकच कायदा : मालक आत आला की तोंड बंद. कुणी दारू प्यायलं, कुणी मेंढी कापली, कुणी कामाला दांडी मारली, तुम्हाला माहीत असलं तरी माहीत नाही. मित्राची चुगली करणारा माणूस आमच्याकडे कुत्र्याच्या खालचा. कुत्रा तरी मेंढ्या वळवतो! म्हणून पुन्हा सांगतो, चुगली मी केली नाही.

तर झालं काय... नेव्हला गिळता येईना.

आधी चहा घेताना ठसका. मग ब्रेडला ठसका. मग तो नुसता ताटात काटा फिरवायचा, रस्सा बटाट्यात कालवायचा, वाटाणे एका कडेला, परत दुसऱ्या कडेला. मी म्हटलं, "अरे, लितियाला सांग." लितिया म्हणजे आमची नर्स, फिजीची आहे, हसली की कपाटातले कप वाजतात. तर हा म्हणतो, "सांगू? आणि मग पर्सीसारखं?"

पर्सी त्याचा भाऊ. इथेच होता. गिळता येत नाही म्हणून त्याला सगळं मिक्सरमधून वाटून द्यायचे. ताटात तीन गोळे. हिरवा, तपकिरी आणि पांढरा. विचारावं लागायचं बिचाऱ्याला, यातलं मटण कुठलं? आणि चहा... चहात कसलीशी पावडर घालून तो घट्ट करायचे. अगदी खळ! भिंतीला कागद चिकटेल असा! पर्सी चमच्यानं चहा खाता खाता गेला. तेव्हापासून नेव्हचं एकच : "मी आयुष्यभर चुलीवरच्या डब्यातला काळा चहा प्यायलो. माझा चहा घट्ट केला त्या दिवशी मला पुरा." आणि असं म्हणून त्यानं आपलं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मित्र ताट सरकवतोय, ताटात भाजलेलं मटण आहे, वर पुदिन्याची चटणी आहे...

खाल्लं. रोज खाल्लं. माझं खाल्लं, त्याचं खाल्लं. रिकामं ताट परत गेलं की स्वयंपाकघरवाले खूश, "नेव्ह काय मस्त जेवतो बघा!" आणि तिकडे नर्स वजन करते, तर वजन उतरलेलं. पूर्वी काय झालं असतं? काही नाही! ताट आपल्या कॉम्प्युटरमध्ये, वजन आपल्या कॉम्प्युटरमध्ये, दोघांची तोंडओळख नाही. प्रत्येकजण खरं सांगत होता आणि सगळ्यांचं मिळून खोटं होत होतं. आम्ही म्हातारे त्या मधल्या फटीतच राहायचो हो, मजेत.

पण आता सगळं एका जागी! स्क्रीन म्हणाली : हा माणूस ताट चाटूनपुसून खातो आणि तरी वाळतो. लाल! अर्थ काय? आत काहीतरी आहे. काहीतरी वाईट. आणि क्लॅरी? क्लॅरीचं जेवण नेहमीचं, गोड मोजून मापून, तरी साखर आभाळाला. लाल! मधुमेहवाला मी... माझ्या दंडावर ही चकती चिकटवलीय ना, ती दिवसभर साखर सांगत असते. डॉक्टर व्हिडिओवर आले, (ते नेहमी अर्धेच दिसतात, कपाळ आणि चष्मा) म्हणाले, "याचं इन्सुलिन वाढवा. आणि नेव्हिलना सिडनीला पाठवा. भूल देऊन, आत कॅमेरा घालून बघू."

सिडनी! इथून दिवसभराचा रस्ता, अँब्युलन्समधून, त्या वयात, त्या अंगात. भूल! नेव्हची मुलगी रॉबिन, पर्थला असते, फोनवर रडायला लागली, म्हणाली, मी विमान पकडून येते. आणि हा मख्ख! मी त्याला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "अरे गाढवा, मुलगी रडतेय, सांगून टाक ना!"

"काय सांगू?"

"की तू जेवत नाहीस! ते तुला उघडून बघायला निघालेत!"

"बघू दे. तिथे चहा तरी पातळ देतील."

"आणि भुलीतून उठला नाहीस तर?"

तर हा माझ्याकडे बघून म्हणतो, "तू सांगणार आहेस का? तू? चुगली?"

खरं सांगतो, तेव्हा मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. त्याचं घड्याळ पूर्वी मनगटावर असायचं, ते कोपराजवळ जाऊन बसलं होतं. मशीनला लाल दिसलं ते आता. मला ते घड्याळ कधीपासून वर चढताना दिसत होतं, रोज, समोर बसून, तोंडात त्याचंच मटण घालता घालता! कुठल्या मशीनला मी नावं ठेवतोय?

पण सांगायचं नाही ते नाही. मग मी काय केलं? काहीच केलं नाही. तेच केलं! रविवारी दुपारी भाजलेलं मटण आलं, वर ती चटणी, नेव्हनं ताट सरकवलं... आणि मी दोन्ही हात खिशात घातले.

"खा की."

"पोट भरलंय."

"तुझं? पोट? भरलंय?"

"माणसाचं एखाद दिवस भरतं!"

अहो, मटण समोर आणि हात खिशात, याला काय कमी ताकद लागते? ताट भरलेलं परत गेलं. दुसऱ्या दिवशी मासे, हात खिशात. तिसऱ्या दिवशी मीट-पाय... लाज वाटते सांगायला, आत खिमा भरलेली गरम खुसखुशीत पेस्ट्री हो, वरून टोमॅटो सॉस... खिसा आतून फाटला माझा! पण चुगली मी केली नाही. ताटानं केली असेल. ताटाला कुठे कुणी मित्र असतो?

एक मात्र मी विसरलो होतो. डॉक्टरनं माझं इन्सुलिन वाढवलं होतं ते दोघांचं जेवण जेवणाऱ्या क्लॅरीसाठी. आणि आता जेवत होता एकच क्लॅरी! तिसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात मला घाम फुटला, हात लटलट कापायला लागले, समोरचं झाड दोन झालं. मी म्हटलं, चला, नेव्हच्या आधी आपणच. हाक मारायला तोंड उघडतोय तोवर लितिया धावत आली, हातात संत्र्याचा रस! मी बोललो नव्हतो हो कुणाला! ती चकती बोलली, स्क्रीन बोलली, लितियाच्या खिशातला फोन बोलला.

मला रस पाजला, शेजारी बसली, आणि तो फोन बघत राहिली. हसली नाही. कप वाजले नाहीत. म्हणाली, "क्लॅरी, गंमत बघा. रविवारपासून नेव्हची ताटं भरलेली परत येतायत. आणि रविवारपासून तुमची साखर उतरतेय."

मी म्हटलं, "योगायोग."

"हो ना?" म्हणाली. "आणि नेव्ह रात्री खोकतात, जेवणानंतर अंग गरम होतं, तोही योगायोग?"

मी झाडाकडे बघत बसलो. एकच झाड होतं आता. ती उठली, नेव्हकडे गेली, त्याला एक घोट पाणी प्यायला लावलं. तो जो खोकला, जो खोकला... डोळ्यांतून पाणी. झालं. सिडनी रद्द. भूल रद्द. रॉबिनला फोन. गिळायचं शिकवणाऱ्या बाई आल्या. (असतात! शिकून येतात!) त्या म्हणाल्या, अन्न फुप्फुसात जात होतं, आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर कुणाला काही करता आलं नसतं. आणि मी नेव्हचं ताट खायचो, त्याचं? लितियानं ते कुठेच टाकलं नाही, स्क्रीनवर नाही की फिलिपाच्या कानावर नाही. शेडमध्ये शोभली असती पोरगी.

मग नेव्हला तीन गोळे आले. आणि चमच्यानं खायचा चहा.

त्यानं भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बोट दाखवलं. एकच शब्द. "चुगलखोर."

म्हटलं, "मी एक अक्षर बोललो नाही!" पण तो उठला, आपलं गोळ्यांचं ताट घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर गेला, पाठ करून बसला. तेव्हापासून बोलणं बंद. शेडमध्ये माझ्या हातचं करपलेलं खाऊन कधी चकार शब्द न काढणारा माणूस! वाईट वाटलं मला. खूप वाईट वाटलं. तो जिवंत आहे, वजन भरतंय, घड्याळ मनगटाकडे परत येतंय, आणि मला ते त्याच्या पाठीकडून बघावं लागतंय. मग मी पण खोलीत बसायला लागलो. फुटबॉलची मॅच नको, पत्ते नकोत. कस्टर्ड... हां, आता आलं लक्षात? म्हणून नाही खाल्लं कस्टर्ड!

आणि मग फिलिपा आल्या, डोकं एका बाजूला. "क्लॅरी डार्लिंग, स्क्रीनवर लाल आलंय. जेवण कमी, चालणं कमी, हॉलमध्ये येणं कमी. तुम्ही एकटे पडलात." बघा! माझं मन मोडलं ते मला स्क्रीनकडून कळलं! "आम्ही तुमच्यासाठी जेवणाचा सोबती ठरवलाय. त्यांचंही एकटेपणाचं लाल आलंय."

कोण असणार हो?

आज दुपारी बसवलं आम्हाला समोरासमोर. त्याच्यापुढे तीन गोळे, माझ्यापुढे भाजलेलं मटण. मी म्हटलं, "मशीननं सांगितलं म्हणून बसलोय." तो म्हणाला, "मी पण." तो आपले गोळे खातोय, हळूहळू, नीट, त्या बाईंनी शिकवलं तसं हनुवटी खाली घालून. आणि मला घास उतरेना. त्याच्यासमोर मटण कसं खायचं हो? मी वाटाणे या कडेचे त्या कडेला केले. रस्सा बटाट्यात कालवला. मग हळूच ताट बाजूला सरकवलं.

नेव्ह बघत होता. त्यानं चमचा खाली ठेवला. आणि तुम्हाला सांगतो, ज्यानं जन्मात कधी कुणाचं नाव मालकाला सांगितलं नाही, त्या माणसानं मान वळवली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "लितिया! हा जेवत नाहीये!"

काटा उचलला आणि मुकाट्यानं जेवलो.