जातीच्या रकान्यासमोर उभे राहिलेले हिरामणमामा

जय भीम. मावश्यांनो, काकांनो, माझ्या बरोबरीच्या भावाबहिणींनो, सगळ्यांना जय भीम.

विहारात इतकी माणसं मी दरवर्षीच्या एप्रिलमध्येच पाहते. आज एप्रिल नाही. आपले हिरामणमामा गेले, त्यांचं आज पुण्यानुमोदन आहे, आणि मला बोलायला उभं केलं आहे. काल फोनवर सांगितलं गेलं, "सुजाता, तू शिकलेली आहेस, तू नीट बोलशील." मी पहाटेच्या गाडीने गोंदियाहून आले. येताना एक कागद लिहिला. तो हातात आहे, पण त्यातलं अर्धं आता वाचवत नाही. तेव्हा जमेल तसं बोलते. अडखळले तर समजून घ्या.

माझ्याआधी तिघे बोलले. मामा शाळेत चपराशी होते, पण मोठ्या मनाचे होते, हे सांगितलं. कधी कुणाच्या चहाला मिंधे झाले नाहीत, हे सांगितलं. सगळं खरं आहे. पण एक गोष्ट तिघांनीही सांगितली नाही. ती मला सांगायची आहे, कारण तिची सुरुवात माझ्यापासून झाली.

मी शेवंताबाईची पोरगी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आणि मी शाळेत टिकले ती मामांमुळे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत आया पोरींना चिखलात, बांधीत घेऊन जायच्या, नाहीतर लहान भावंडं सांभाळायला घरी ठेवायच्या. तुम्हाला आठवत असेल, शाळेची घंटा देऊन झाली की मामा शेताच्या धुऱ्यावर येऊन उभे राहायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिथूनच ओरडायचे,

"शेवंता, पोरगी घेऊन जाऊन राहिलो!"

माझी आई हातात भाताची रोपं धरून चिखलातून म्हणायची, "मंग पऱ्हे का तुमी लावता, भाऊ?"

"लावतो ना. पाच वाजता शाळा सुटली का येतो. पोरीले दे आधी."

आणि यायचे. खरंच यायचे. माझ्या वाट्याची रोवणी कितीदा तरी त्या माणसाने केली आहे. मी पाढे म्हणत असताना माझा धाकटा भाऊ त्यांच्या स्टुलाजवळ झोपलेला असायचा.

हे झालं एक. आता ती गोष्ट.

आपल्या वस्तीत एक रीत होती. पोरांना शाळेत घालायच्या दिवशी बाप जायचे नाहीत. बाप मजुरीला असायचे, आणि मास्तरांसमोर बोलायला कचरायचेही. म्हणून सगळ्यांच्या वतीने मामाच उभे राहायचे. नाव मामा सांगणार, जन्मतारीख मामा सांगणार. आपल्यातल्या निम्म्यांच्या जन्मतारखा मामांनीच ठरवल्या आहेत, हसू नका, माझीही. आणि जातीचा रकाना आला की मामा सांगायचे, "बौद्ध."

मोठे गुरुजी म्हणायचे, "हिरामण, तो धर्म झाला. जात सांग."

"ते टाकून आलो आमी, गुरुजी. टाकलेली वस्तू पोराच्या नावासमोर काऊन लिव्हायची?"

"पुढे अडचण येईल रे."

"पुढचं पुढं पाहू. आज लिव्हा."

मामा का हट्ट धरत होते, ते मला फार उशिरा कळलं. मामा स्वतः शाळेत होते, तेव्हा वस्तीतल्या चार मुलांची हजेरी नावाने घेतली जात नव्हती. जातीच्या त्या शब्दानेच घेतली जायची. मास्तर तो शब्द उच्चारायचे आणि चौघांनी एकदम उभं राहायचं. मामा दहा वर्षांचे असताना त्यांच्या बापाने दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी हजेरीला मामा उभे राहिले नाहीत. मास्तरांनी मारलं, तरी उभे राहिले नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली ती अशी.

तर असा माणूस आमच्या रकान्यासमोर उभा होता. त्याने तो शब्द आमच्या कागदावर येऊ दिला नाही. एकाच्याही नाही.

मग मी बी.ए. झाले. केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा दिली. पास झाले. राखीव जागेच्या यादीत नाव आलं तेव्हा आईने पूर्ण वस्तीत साखर वाटली, तुम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे. कागद तपासायला नागपूरला बोलावलं. तिथे साहेबांनी माझा शाळेचा दाखला पाहिला आणि विचारलं, "बौद्ध ठीक आहे, पण जात कोणती?" मी सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही सांगून चालत नाही. कागदावर पाहिजे. दाखल्यावर नसेल तर आजोबा-पणजोबांच्या नावाची जुनी नोंद आणा." साहेब वाईट वागले नाहीत. त्यांनी मुदतही दिली. पण त्या मुदतीत मला कुणाचीच नोंद सापडली नाही. माझी जागा पुढच्या नावाला गेली.

त्या दिवशी बसमधून उतरले ती घरी गेलेच नाही. सरळ मामांच्या छपरीत गेले. मामा सुंभ वळत बसले होते. मला पाहून म्हणाले, "आली का साहेबीण?"

मी म्हटलं, "नाही झाले साहेबीण. तुमच्यामुळे."

ते म्हणाले, "बस. पानी पी."

मी बसले नाही. मी म्हटलं, अभिमान तुमचा आणि नोकरी माझी गेली. म्हटलं, तुम्हाला कुणी अधिकार दिला होता? मी आणखी बरंच बोलले. मोठ्याने बोलले. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यातली काही आज इथे बसली आहेत.

त्यानंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ज्याचा ज्याचा जातीचा दाखला अडला, तो तो मामांच्या दारात जाऊन तेच म्हणू लागला. तुमच्यामुळे नर्सिंग अडली. तुमच्यामुळे पोलीस भरती गेली. नळावर, पाराजवळ, इथे विहारात. मामा रविवारी वंदनेला यायचे, ते यायचे बंद झाले. आपण विचारलं का, काऊन नाही येत म्हणून? मी तर नाही विचारलं.

ते कुठे जात होते, ते मला महिनाभराने कळलं. आपला जिल्हा वेगळा झाला, पण जुने कागद भंडाऱ्यालाच राहिले होते. मामा अर्जुनीहून गाडी धरून भंडाऱ्याला जात होते. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. पिशवीत भाकर, आणि एक वही. वहीत वस्तीतल्या प्रत्येक घराच्या आजाचं आणि पणज्याचं नाव. ती नावं फक्त त्यांनाच माहीत होती. माझ्या पणज्याचं नाव मला माहीत नव्हतं. बी.ए. झालेल्या मुलीला नव्हतं.

एकदा मी बरोबर गेले. माफी मागायला गेले होते असं सांगितलं तर खोटं होईल. माझा कागद शोधायला गेले होते.

तिथला बाबू भला माणूस होता. त्याने जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं काढली आणि विचारलं, "काका, कोणत्या जातीची नोंद पाहायची?"

मामांनी वही पुढे केली. वहीत नावं होती, जात नव्हती.

"तोंडाने सांगा काका. गाव मोठं आहे, एका नावाचे चार-चार आहेत."

मामांनी वही परत आपल्याकडे ओढली. मी म्हटलं, "मी सांगते." त्यांनी हाताने मला थांबवलं. आणि सांगितलं. "महार. लिव्हा. महार." दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा बाबूला ऐकू गेलं नाही.

दुपारपर्यंत सापडलं. माझ्या पणज्याचं नाव, बापाचं नाव, आणि समोर तो शब्द. मामा बाहेर आले. आवारातल्या नळावर त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा भरली. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "रजिस्टरची धूळ लई होती वो."

दर खेपेला, दर घरासाठी, ते तिथे तो शब्द बोलत होते. ज्या शब्दाला दहा वर्षांचं पोर उभं राहिलं नाही, तो शब्द म्हातारपणी आपल्यासाठी कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहून बोलत होते. आणि आपण इकडे काय बोलत होतो?

येताना बसमध्ये मला राहवलं नाही. मी त्यांना एक सांगितलं. तुम्हालाही सांगते. गोंदियात मी फुलचूरला खोली घेतली, तेव्हा घरमालकीणबाईंनी विचारलं, "बेटा, पूरा नाम क्या है? आप लोग कौन?" मी आडनाव दुसरं सांगितलं. असं सांगितलं की कुठलंही असावं. त्यांनी लगेच चावी दिली. "अच्छे घर की लगती हो," म्हणाल्या.

मामांच्या मनात असतं तर तेव्हा ते मला सुनावू शकले असते. मी त्यांना अभिमानावरून बोलले होते, आणि इकडे मी एका खोलीसाठी पूर्ण घराणं लपवलं होतं. मामांनी पिशवीतली अर्धी भाकर माझ्या हातात दिली. मग विचारलं,

"खोलीत हवा येते का?"

"येते."

"मंग राह्य. पन दाराले नाव लाव. पुरं नाव."

मी अजून लावलेलं नाही. आज खोटं बोलण्याची ताकद नाही, म्हणून सांगते.

मामांनी आणलेल्या नोंदींवर वस्तीतल्या पोरांचे दाखले निघाले. वनिता आज नर्स आहे, ती इथे बसली आहे. नोंद सापडल्यावरही माझा दाखला कचेरीत अडून राहिला, आणि तो निघाला तोवर माझं वय त्या नोकरीच्या अटीबाहेर गेलं होतं. मी सध्या एका खाजगी शाळेत तासावर शिकवते. मला तक्रार करायची नाही. पण थकवा येतो. शिका म्हटलं, शिकलो. कागद आणा म्हटलं, कागद आणले. आता कागद आहेत आणि जागा निघत नाहीत. आपली पदवी झालेली पोरं हैदराबादला दुसऱ्यांच्या फाटकावर पहाऱ्याला उभी आहेत. घरी फोन करतात तेव्हा सांगतात, कंपनीत आहे. आपणही तेच पुढे सांगतो. मी हे बोलते आहे ते कुणाला खाली पाहायला लावण्यासाठी नाही. मीही तेच करते. मला एवढंच म्हणायचं आहे की हे सगळं एका माणसाने एका रकान्यात एक शब्द लिहून घेतला, म्हणून झालेलं नाही. आपल्याला राग काढायला माणूस पाहिजे होता. हिरामणमामा जवळ होते, आपले होते, आणि उलटून बोलत नव्हते.

मामा दवाखान्यात होते तेव्हा मी गेले होते. ठरवून गेले होते की आज बोलायचं. मामा, माझी चूक झाली, एवढंच. चार शब्द. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "नवीन जागा निंगल्या का वो?"

मी म्हटलं, "नाही मामा."

"निंगतीन."

मग त्यांना खोकला आला, मग नर्स आली, मग भेटीची वेळ संपली. मी उद्या येते म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला तास होता. तिसऱ्या दिवशी फोन आला.

ते चार शब्द माझ्याजवळच राहिले आहेत. आता ते कुणाला द्यायचे?

सोमवारी शाळा उघडते आहे. या वर्षी वस्तीतली पाच पोरं पहिलीत जाणार, आणि त्यांच्या वतीने उभं राहायला मामा नाहीत. तुमची हरकत नसेल तर मी जाते. धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगेन, मोठ्याने सांगेन. जातीच्या रकान्यात तो शब्दही सांगेन, कारण पोरांना पुढे अडू द्यायचं नाही. मला माहीत आहे, तोंड कडू होईल. पण पोरांच्या आईबापांनीही बरोबर यावं. एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं आणि चुकलं तर त्याच एकट्याचं चुकलं म्हणायचं, हे आता नको.

माझं बोलून झालं. आता स्तब्धता पाळायची आहे. दरवेळी आपण सगळे एकदम उठतो. आज मी वेगळं मागते, रागावू नका. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी हिरामणमामांना कधी "तुमच्यामुळे" म्हटलं, दारात म्हटलं, नळावर म्हटलं, त्यांच्या पाठीमागे म्हटलं, त्यांनी आधी उठावं. बाकीच्यांनी मग उठावं. घाई नाही. कुणी कुणाकडे पाहू नये.

मी उभीच आहे.