दाण्याला लावलेल्या औषधाचे नाव

माझे नाव व पत्ता अंमलदारांनी वर लिहून घेतला आहे. वय ६३, शिक्षण बी.एस्सी., काम घरच्या मत्स्यखाद्याच्या कारखान्यात मिश्रणाचे प्रमाण ठरवणे. आज सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते, ते असे :

कारखाना मी आणि माझे धाकटे दीर चालवतो. मका महागला, म्हणून त्याऐवजी कोंडा, कणी आणि चाळणीखालचा चुरा वापरावा, असे मीच सुचवले. प्रमाण मी ठरवले, माल दिरांनी आणला. कुठून आणला, हे मी विचारले नाही.

सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे नियम आहे. नवे खाद्य विकायला काढण्याआधी ते आवारातल्या हौदातल्या माशांना घालायचे आणि मग तो मासा घरच्यांनी खायचा. पहिला घास खाद्य ठरवणाऱ्याचा.

आज दुपारी एक वाजता जेवायला बसलो. पहिला घास मी घेतला. पोट बिघडले म्हणून दिरांनी नुसता भात घेतला. सुनेला सातवा महिना आहे. तिला वाढताना दीर म्हणाले, "वहिनी, तिला नका वाढू. जड पायाची आहे."

मी म्हणाले, "भावोजी, तुमचं वैद्यक तुमच्यापाशीच ठेवा. या दिवसांत मासा चांगला."

सून हसून म्हणाली, "काका, तुमच्या वाटणीचापण मलाच द्या."

दीर ताटावरून उठले. माशाच्या पोटातली अंडी निघाली होती, ती मी सगळी सुनेला वाढली.

साडेतीनला तिला उलट्या सुरू झाल्या. तोंडाला लाळ येत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. सव्वाचारला दवाखान्यात दाखल केले. डॉक्टर म्हणाले, "हे विषासारखं दिसतंय. कोणतं, ते कळलं तर नेमका उपाय करता येईल." बाळाचे ठोके लागतात का, हे मी विचारले नाही.

मी कारखान्यात परतले. गोदामामागच्या गटाराचे पाणी गुलाबी होते. हमालाला हात दाखवायला सांगितले. तळहात गुलाबी होते. पेरायच्या बियाण्याला कीडनाशक लावतात, तेव्हा असा रंग देतात.

तो म्हणाला, "बाई, तो चुरा बियाण्याच्या कारखान्यातला. धाकटे मालक म्हणाले, धुऊन घे. तीन पाणी काढली, तरी रंग सोडीना."

"पोत्यांवर काय लिहिलं होतं?"

"मला कुठं वाचता येतं? कारखान्याचं नावही ठाऊक नाही. कवटीचं चित्र होतं. पोती परवाच जाळायला लावली. मासे चार दिवस उलटे पोहत होते, बाई. मालक म्हणाले, वहिनींना बोलू नकोस."

दीर घरी नाहीत. त्यांचा फोन बंद आहे. गोदामाला मी कुलूप घातले आहे. किल्ली व चुऱ्याची एक पिशवी इथे अंमलदारांच्या टेबलावर ठेवली आहे. मुलगा परगावी आहे, त्याला अजून कळवलेले नाही.

दिरांवर काय गुन्हा लावायचा, ते मागाहून ठरवावे. चुरा मी सुचवला, तेही लिहावे. पण आधी त्यांना शोधून एवढेच विचारावे, की दाण्याला कोणते औषध लावले होते. डॉक्टर वाट पाहत आहेत.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचण्यात चार मिनिटे गेली. खालची सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे. मघापासून माझ्याही तोंडाला लाळ येते आहे.