श्रोत्यासह हजर राहावे

निकिता : “एकोणिसाव्या शतकात, मानवी इतिहासात प्रथमच, माणसाच्या हृदयाला वाचा फुटली!”

बिरदेव : मंग त्याच्या आदी काय मुकं हुतं व्हय गं?

निकिता : आज्जा, मधी बोलू नका ना! ही माझी पहिली ओळ आहे. ती चुकली की मागच्या सगळ्या कोसळतात.

बिरदेव : न्हाय, आपलं इचारलं. माझा पणजा त्याच्याबी आदीचा. लई बडबड्या हुता म्हणत्यात.

निकिता : माझे हात बघा.

बिरदेव : गार पडल्यात की. थंडीतल्या कोकरावानी. सकाळधरनं काय खाल्लीस का न्हाय?

निकिता : चहासुद्धा नाही घेतला. ती दीपाली बघितलीत ना, आत्ता रडत गेली ती? वर्गात पहिली असते.

बिरदेव : काय अवघड इचारलं तिला?

निकिता : विचारलं ते तिला येत होतं. तिनं उत्तर दिलं. अन् सर काही बोललेच नाहीत. हं नाही, चूक नाही, बरोबर नाही. नुसतं भिंतीकडं बघत बसले. धाराशिवहून आलेत. बाहेरचे परीक्षक.

बिरदेव : बाहेरचा हाय म्हणल्यावर आपल्यासारकाच की. म्याबी बाहेरचाच.

निकिता : आज्जा, हसू नका. मला लई भ्या वाटायलंय.

बिरदेव : हसतंय कोन? माझं काळीज बग. लांडग्याम्होरं उभा राह्यलोय म्या, पर असल्या पाटी लावलेल्या दाराम्होरं न्हाय. त्यात हातात काठी न्हाय. त्या रामहरी शिपायानं गेटावरच काढून घेतली. हत्यार हाय म्हणला.

निकिता : जाताना देईल. चिठ्ठी दिलीय ना त्यानं?

बिरदेव : दिलीया. “एक काठी, जप्त.” पन्नास वर्सांत हात असा रिकामा पडला न्हवता. कुठं ठिवावा तेच कळंना. बरं, मला कशापायी बोलावलं? म्या काय गुन्हा केलाय ह्या कॉलेजाचा?

निकिता : तुम्ही नाही. मी केलाय. ही नोटीस वाचून दाखवते. “संगीत आस्वाद, अंतिम प्रकल्प. विद्यार्थिनीने पान चौदाबाबत श्रोत्यासह हजर राहावे.” श्रोता म्हणजे तुम्ही.

बिरदेव : म्या कवा झालो?

निकिता : मागच्या महिन्यात.

बिरदेव : मागल्या महिन्यात मेंढरं येणेगूरच्या शिवारात बसवली हुती म्या.

निकिता : तेच तर. प्रकल्पात असं होतं, की एकोणिसाव्या शतकातल्या ‘रोमँटिक’ काळातली एक रचना निवडायची, संगीत न शिकलेल्या घरातल्या माणसाला ऐकवायची आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. घरात संगीत न शिकलेले सगळेच आहेत, पण आई म्हणाली, मला भाकरी टाकायच्यात. अण्णांसमोर ‘रोमँटिक’ हा शब्दच काढायची हिंमत झाली नाही. राहिले तुम्ही. अन् तुम्ही येणेगूरला.

बिरदेव : आपल्या मुरूमपास्नं येणेगूर काय विलायतेला हाय का?

निकिता : तारीख दुसऱ्या दिवशीची होती, आज्जा. म्हणून मी... तुमच्या नावानं लिहून टाकलं.

बिरदेव : काय लिवलंस?

निकिता : राहू द्या.

बिरदेव : वाच. माझंच बोलणं हाय, मला कळू तरी दे.

निकिता : “श्री. बिरदेव, वय बाहत्तर, व्यवसाय मेंढपाळ, यांनी ही पियानोरचना डोळे मिटून ऐकली. ते म्हणाले, या सुरावटीतील विषण्ण सौंदर्यामुळे मला व्हिएन्नाच्या तळ्यावर पहाटे तरंगणाऱ्या धुक्याची आठवण होते.”

बिरदेव : म्या म्हणलो?

निकिता : हो.

बिरदेव : आठवण व्हाया म्या गेल्तो कवा तिकडं? म्या जास्तीत जास्त बसवकल्याणला गेलोय. तेबी एक मेंढी चुकली म्हणून.

निकिता : इंटरनेटवरनं घेतलं. कुणा जर्मन डॉक्टरांचं होतं. मी मराठी केलं अन् त्यांचं नाव काढून तुमचं घातलं.

बिरदेव : डागदराचं बोलणं माझ्या तोंडात! वय तरी माझं घातलंस का त्याचंच?

निकिता : वय तुमचं. अंदाजे.

बिरदेव : अन् आता त्या साहेबाला धुकं दिसलं म्हण की.

निकिता : आज्जा, नक्कल ठरली तर हा विषय गेला. विषय गेला की पदवी अडकली. बी.एड.चे फॉर्म सोमवारी बंद होतात. अण्णा म्हणालेत, यंदा झालं तर शिक, नाही तर घरी बस. मला शाळेत शिकवायचंय हो. एवढंच करायचं होतं मला.

बिरदेव : रडू नगंस. तोंड सुजंल, मंग साहेब आणिक गप बसंल. सांग, काय म्हणायचं म्या?

निकिता : तीनच शब्द पाठ करा. “विषण्ण सौंदर्य.” म्हणा.

बिरदेव : दोनच हायती.

निकिता : तिसरा “धुकं”.

बिरदेव : धुकं येतंय मला. आदले दोन न्हाय येत. असलं कोन बोलतं गं? मेंढरं बी बुजतील.

निकिता : मग संपलं.

बिरदेव : एक कर. ते वाजीव तरी. ज्याच्यापायी दोघं बी असं भ्यालोय, ते काय हाय ते ऐकू दे की.

निकिता : पाच मिनिटांचं आहे. तेवढ्यात नंबर आला तर?

बिरदेव : आला तर आला. लाव.

(निकिता फोनवर रचना लावते. बिरदेव बाकावर डोळे मिटून ऐकतो. पियानो थांबतो.)

निकिता : आज्जा? डोळा लागला काय?

बिरदेव : थांब. संपलं न्हाय आजून.

निकिता : केव्हाच संपलं.

बिरदेव : फोनातलं संपलं. ह्यो माणूस कुठला?

निकिता : पोलंड देशातला. विशीत गाव सोडून पॅरिसला गेला. मागं तिकडं लढाई झाली. परत गेलाच नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं वारला. नाव विचारू नका. ते म्हणायचं कसं यावर आमच्या वर्गात चार गट आहेत.

बिरदेव : परत गेला न्हाय. व्हय. म्हणूनच.

निकिता : म्हणूनच काय?

बिरदेव : त्यो रामहरी हात हालवतोय बग. आपल्यालाच.

निकिता : अगं आई गं. आज्जा, आत गेल्यावर तुम्ही फक्त मान हलवा. मी बोलते. पाया पडते तुमच्या, फक्त मान.

परीक्षक : या. बसा. श्रोते हेच का?

निकिता : हो सर. माझे आजोबा. सर, “एकोणिसाव्या शतकात, मानवी इतिहासात—”

परीक्षक : ते वाचलंय मी. आजोबा, ही रचना तुम्ही ऐकली?

बिरदेव : ऐकली की.

परीक्षक : केव्हा?

निकिता : मागच्या महिन्यात, सर—

बिरदेव : आत्ता. भाईर. बाकावर.

निकिता : आज्जा!

बिरदेव : मान हलवून कसं सांगू गं “कवा” ते?

परीक्षक : मग पान चौदावर हे जे तळं आहे...

बिरदेव : साहेब, ते तळं म्या बगितलं न्हाय. आमच्याकडं एक साठवण तलाव हाय, तेबी आटलाय.

निकिता : सर, माझंच चुकलं. मी इंटरनेटवरून उचललं. आजोबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांचं नाव कुठं लिहू नका. आम्हाला वर्षभर शिकवायला कुणी नव्हतं. एक पुस्तक होतं, त्यात संगीत वाजत नाही. मी ही रचना दुपारी गच्चीवर जाऊन खूपदा ऐकली. मला आवडली. पण आवडली म्हणजे काय ते लिहिता येईना. म्हणून केलं. सर?

(परीक्षक भिंतीकडे बघतात.)

निकिता : सर, काहीतरी बोला ना.

निकिता : सर, भिंतीवर काही नाहीये हो.

परीक्षक : आजोबा, खरं सांगायचं. ऐकून काय वाटलं तुम्हाला?

बिरदेव : चुकलं तर पोरीला धरू नगा.

परीक्षक : नाही धरत.

बिरदेव : ह्यो माणूस भ्यालाय, साहेब.

परीक्षक : कोण?

बिरदेव : वाजिवणारा. बगा, ढोलाला दोन तोंडं असत्यात. एकीकडं हात, एकीकडं टिपरू. म्या पन्नास वर्सं वाजिवला, म्हणून मला दोन हात येगळं ऐकू येत्यात. ह्याचा डावा हात सारका चालतोय. एका चालीनं. त्यो कळप हाय. अन् उजवा हात म्होरं जातोय, थांबतोय, मागं बगतोय. रातीला राखणीला उठल्याला माणूस अस्साच चालतो.

परीक्षक : सावकाश सांगा. “कळप”... पुढं?

बिरदेव : मधी एक जागा हाय. उजवा हात वर जाऊन तिथंच ऱ्हातो. खाली याया तयार न्हाय. तिथं त्याला वास आला.

परीक्षक : कशाचा?

बिरदेव : लांडग्याचा. दिसला न्हाय आजून. मंग ह्यो मोठ्यानं वाजवाया लागला. आमी बी तेच करतो. भ्या वाटलं की ढोल बडवायचा, आरडायचं, आपुन लई जण हाय असं दावायचं. एकटाच असतो माणूस. दमतो, मंग पुना बारीक. पर एक सांगतो, साहेब. येवढं सगळं झालं तरी डावा हात थांबला न्हाय. थांबला असता तर कळप उधळला असता.

निकिता : आज्जा, तुम्ही कधी भ्याला होता असं?

बिरदेव : रोज.

निकिता : घरात कधी बोलला नाही ते.

बिरदेव : तुमाला कळलं असतं तर तुमी बी उधळला असता की.

परीक्षक : “उधळला असता.” हं. झालं.

निकिता : सर, तुम्ही हे लिहून घेताय? नक्कल केली म्हणून वर पाठवणार?

परीक्षक : ते दार लाव आधी.

निकिता : सर, मी हात जोडते—

परीक्षक : अगं, दार लाव. हां. हा बाह्य परीक्षकाचा अभिप्राय आहे. दहा ओळींचा रकाना. सकाळपासून कोरा आहे. माझा विषय भूगोल.

निकिता : काय?

परीक्षक : भूगोल. जिल्ह्यात पाश्चात्त्य संगीताला माणूस सापडेना. वरच्या कार्यालयानं विचार केला, पाश्चात्त्य म्हणजे दिशा आली, दिशा म्हणजे भूगोल. मला पत्र आलं. प्रश्नांची यादी सोबत होती. उत्तरांचीही होती, पण ती मातीच्या नमुन्यांची निघाली.

निकिता : म्हणजे दीपालीला तुम्ही...

परीक्षक : ती पोरगी सहा मिनिटं बोलली. फार चांगलं बोलली असावी. तिनं मध्येच “बरोबर ना, सर?” असं विचारलं. मी काय बोलणार? भिंतीकडं बघितलं. ती रडत गेली, तेव्हा मलाही रडू येत होतं. कुणीतरी उलट प्रश्न विचारील, या भीतीनं सकाळपासून मी एकाच्याही डोळ्यात बघितलेलं नाही.

बिरदेव : चहा पिला का, साहेब?

परीक्षक : नाही, आजोबा.

बिरदेव : ही बी बिनचहाची हाय. भ्याल्यावर प्वाट रिकामं ठिवू नये.

परीक्षक : दीपालीला मी चांगले मार्क दिलेत, तिला सांग. आणि तू पान चौदा फाड.

निकिता : फाडू?

परीक्षक : फाड. हा कोरा कागद घे. आजोबा आत्ता जे बोलले ते तुझ्या अक्षरात लिही. इथंच बसून. जर्मन डॉक्टर नको, धुकं नको. खाली आजोबांची सही घे. ते नक्कल होणार नाही. उशीर होईल. उशिराचे पाच मार्क कापायची सोय आहे, ते मी कापणार. पण तू नापास होत नाहीस.

निकिता : म्हणजे सोमवारी मी फॉर्म...

परीक्षक : लिही म्हटलं ना. नाहीतर माझं मन फिरेल. मीही घाबरट माणूस आहे.

निकिता : सर, पहिली ओळ? हृदयाला वाचा फुटली ती? ती काढू?

परीक्षक : मला काय कळतंय त्यातलं? आजोबांना विचार.

बिरदेव : ऱ्हाऊ दे. पोरीनं लई मरमर करून पाठ केलीया.

परीक्षक : आजोबा, एक विचारू? यादीतला प्रश्न नाही हा.

बिरदेव : इचारा की.

परीक्षक : त्या माणसाकडं शेवटी लांडगा आला का?

बिरदेव : न्हाय. म्या नीट ऐकलं. येत न्हाय त्यो. नुस्ता हाय. त्याचंच तर भ्या.

परीक्षक : खरंय. नुसता आहे. मग अशा वेळी तुम्ही काय करता, आजोबा?

बिरदेव : साहेब, तेवढी माझी काठी द्याया लावा की त्या शिपायाला.