बॉडीगार्ड माझ्या गाडीत

ती नटनट्यांच्या बॉडीगार्डांची सिरीयल तुम्ही बघता ना, एका लाथेत गुंडांची रांग उडते ती? तिच्यातला हिरो साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला सोलापुरात आला होता, आणि त्याला फिरवायला भाड्याची गाडी माझी होती.

दुकानातून निघालो अन् चौकात गर्दीनं गाडी घेरली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. काचांवर थापा पडायला लागल्या. एखादं पोर चाकाखाली आलं तर, या भीतीनं मला घाम फुटला. हिरो तर मागच्या सीटवर पार खाली सरकलेला.

"दादा, दारं लॉक आहेत ना?"

"आहेत साहेब. पण जरा हात तरी दाखवा, लोक चिडलेत."

तेवढ्यात आमच्या कुंभारी गावच्या शेवंताआजी खिडकीशी आल्या. ओळखीच्या म्हणून मी काच जराशी खाली केली.

"आरं, रागिणीला कालच्या भागात गुंडांनी गोदामात बांधून ठिवलंय," आजी त्याच्यावर कडाडल्या. "तिला राखायचं सोडून तू हितं फिती कापत फिरतूस व्हय?"

"व्हय की! तिचं काय?" मागनं लोक ओरडले.

हिरो कसाबसा म्हणाला, "तिकडंच निघालोय, आजी."

आजी गर्दीकडं वळल्या. "सरका रं! जाऊ द्या त्याला, पोरगी एकटी हाय!"

बघता बघता रस्ता मोकळा झाला.

"दादा, लवकर चला," हिरो म्हणाला.

मी इतका घाबरलेलो, की गिअर टाकता टाकता विचारलं, "गोदाम कुठलं साहेब? चिंचोळी एमआयडीसीतलं का?"